शहराची वेस आणि गांवाची शीव

खेड्याची जमीन मराठी भाषेंत दोन रंगांनीं ओळखली जाते. जेथें वस्ती असते ती पांढरी, आणि जेथें नांगर चालतो ती काळी. पांढरीभोंवतीं गांवकूस, गांवकुसाला वेस, वेशीबाहेर काळी, आणि काळी जेथें संपते तेथें शीव. या चार-पांच शब्दांत जुन्या खेड्याची सारी जमीनव्यवस्था सांठविलेली आहे. घर कोठें बांधावें, कोठें पेरावें, गुरें कोठें चरावीं, पाणंद कोणाच्या बांधावरून न्यावी, हें ठरविण्यासाठीं त्या काळीं कोणी नकाशा काढीत नसे. तरी तें ठरलेलें असे. शेजारचें शहर लहान होतें आणि सावकाश वाढत होतें तोंवर ही व्यवस्था टिकली. शहर वेगानें वाढूं लागलें म्हणजे मात्र पहिला पेंच शहरांत पडत नाहीं, तो शिवेवर पडतो. तेथील काळी पांढरी होऊं लागते; आणि ती कोणाच्या इच्छेनें, कोणाच्या खर्चानें व कोणाच्या लाभासाठीं पांढरी व्हावी, हा वाद सुरू होतो. पुणें शहराचा इतिहास म्हणजे या वादाचा एक चांगला धडाच आहे. कारण हें शहर जवळजवळ तीन शतकें आसपासचीं गांवें आपल्या पोटांत घेत आलेलें आहे.

पेशव्यांच्या कारकीर्दींत कसबे पुण्याभोंवतीं ज्या पेठा वसल्या, त्या पडक्या माळावर वसल्या नाहींत. सदाशिव पेठ जेथें उभी आहे तेथें पूर्वीं नायगांव नांवाची लहानशी वस्ती होती. शुक्रवार पेठेच्या जागेस विसापूर म्हणत. पेठ वसवावयाची म्हणजे सरकारांतून कौल मिळे, कांहीं वर्षें करांत सूट मिळे, शेटे-महाजन नेमले जात, आणि व्यापारी व कारागीर यांना बोलावून घरांसाठीं जागा दिल्या जात. त्याचबरोबर पाण्याचा विचारही होई. नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावांतून नळ घालून शहरांत पाणी आणलें आणि आंबील ओढ्याचा प्रवाह वळविला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या व्यवस्थेंत दोष पुष्कळ होते, आणि ज्याचें शेत पेठेखालीं गेलें त्याची दाद कितपत लागली असेल याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. तथापि पेठ वसविणारा आणि पेठेची जबाबदारी घेणारा हे दोघे एकच असत, एवढा गुण तींत निश्चित होता.

इंग्रजी अंमलांत ही सांगड तुटली. १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत जी पैमाष व साराबंदी अमलांत आणली, तीच पुढें मुंबई इलाख्यास कित्ता झाली. प्रत्येक शेतास क्रमांक मिळाला, हद्दीचे दगड रोवले गेले, आणि तीस वर्षांसाठीं सारा ठरला. कुणब्याला त्यापासून पुष्कळ स्थैर्य लाभलें यांत संशय नाहीं. परंतु तो नकाशा साऱ्यासाठीं काढलेला होता, वस्तीसाठीं नव्हे. शेतांचे आकार वांटण्या होऊन लांबट पट्ट्यांसारखे झालेले. कित्येक शेतांना गाडीची वाटही नाहीं. शेतीला ती अडचण चालते, कारण शेजाऱ्याच्या बांधावरून बैल नेतां येतो. पण त्याच पट्ट्यावर घरें उभीं राहिलीं म्हणजे सांडपाणी कोठून न्यावें आणि पाण्याचा नळ कोठून आणावा, याला उत्तर राहत नाहीं.

१८७९ च्या जमीनमहसुलाच्या कायद्यानें शेतजमीन शेतीखेरीज अन्य कामास लावण्यापूर्वीं कलेक्टरची परवानगी घेणें आवश्यक केलें. ‘बिनशेती’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडीं आहे, त्याचें मूळ या कायद्यांत आहे. शिवेवरील जमिनीच्या वापरास कायद्यानें घातलेला हा पहिला लगाम म्हणतां येईल. परंतु लगामाचा मुख्य हेतु महसुलाचा होता. कलेक्टरपुढें एका वेळीं एकाच शेताचा अर्ज येई. त्या शेतावर घर बांधल्यानें सरकारचें नुकसान होत नाहीं ना, एवढें पाहणें सोपें होतें. पण अशीं पन्नास शेतें बिनशेती झाल्यावर त्यांतून रस्ता कोठून जाणार, हें त्या एका अर्जावरून दिसत नसे.

तें दिसण्यास १८९६ ची प्लेगची सांथ यावी लागली. मुंबईंतील कोंदट वस्त्यांत माणसें मेलीं, आणि १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टनें दादर-माटुंग्याकडील भातशेतें व वाड्या सक्तीनें विकत घेऊन तेथें रुंद रस्ते, मोकळीं मैदानें व नवीं घरें यांची आंखणी केली. काम उत्तम झालें. परंतु सगळी जमीन आधीं विकत घ्यावयाची म्हणजे खर्च अफाट, आणि भरपाईच्या रकमेवरून कोर्टकज्जे अखंड. जमिनीचा मूळ धनी एकदां पैसे घेऊन निघून गेला कीं पुढें वाढणाऱ्या किमतींत त्याचा कांहीं संबंध राहत नसे. लहान नगरपालिकांना तर हा मार्ग परवडण्यासारखाच नव्हता.

यांतून १९१५ चा मुंबईचा नगररचना कायदा जन्मास आला. हिंदुस्थानांत अशा स्वरूपाचा तो पहिलाच कायदा. सरकारचे सल्लागार भूमापक मायरम्स यांचा त्याच्या घडणींत मोठा वांटा होता. इंग्लंडांत १९०९ सालीं नगररचनेचा कायदा झालेला होता. त्याहूनही महत्त्वाचें उदाहरण जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहराचें. तेथील नगराध्यक्ष आडिकेस यांच्या खटपटीनें १९०२ सालीं असा कायदा झाला होता कीं, शहराच्या कडेचीं वेडींवांकडीं शेतें एकत्र करावीं, त्यांतून रस्ते काढावे, आणि उरलेली जमीन त्याच मालकांना नीट आकाराच्या तुकड्यांच्या रूपानें परत द्यावी. मुंबईच्या कायद्यानें हेंच तत्त्व उचललें.

हें तत्त्व एका लहानशा उदाहरणानें चांगलें समजेल. समजा, शिवेवर दहा शेतकऱ्यांचीं प्रत्येकीं चार एकर, म्हणजे एकंदर चाळीस एकर जमीन आहे. योजना आंखणारा अधिकारी ती सर्व कागदावर एकत्र करतो. त्यांतून दहा एकर रस्ते, शाळा व मैदान यांसाठीं काढतो. आणि प्रत्येकास तीन एकर परत देतो, पण आतां चौरस आणि रस्त्यालगतची. चार एकरांचे तीन झाले म्हणून शेतकरी प्रथम रागावतो. पण पूर्वीं एकराचा भाव एक हजार रुपये असेल, तर योजनेनंतर तो तीन हजार होतो असें धरूं. तीन एकरांची किंमत तीन हजारांवरून नऊ हजारांवर गेली. वाढ सहा हजारांची. कायद्याप्रमाणें या वाढीपैकीं निम्म्यापर्यंत, म्हणजे तीन हजारांपर्यंत, वर्गणी नगरपालिकेस घेतां येते. उलट, गेलेल्या एका एकराची एक हजार भरपाई शेतकऱ्यास देणें असते. तो दोन हजार भरतो, आणि त्याच्या पदरांत सात हजारांचा ऐवज राहतो. पूर्वीं चारच हजारांचा होता. नगरपालिकेस जमीन विकत न घेतां रस्ते मिळतात, आणि ते बांधण्यास पैसाही मिळतो. मुख्य गोष्ट ही कीं, शेतकरी हद्दपार होत नाहीं. ज्या भूमीवर शहर येतें, त्या भूमीचा तो धनीच राहतो.

या कायद्याखालीं साष्टींत वांद्रें, सांताक्रूझ, पार्लें येथें, पुण्यास नदीपलीकडील भांबुर्ड्याच्या बाजूस, आणि अहमदाबादेस योजना झाल्या. पुण्याच्या शिवाजीनगर भागांतून फिरणाऱ्यास सरळ रस्ते व दुतर्फा झाडें दिसतात. हा भाग पूर्वीं भांबुर्डें नांवाचें खेडें होता, हें सांगितल्यावांचून कळत नाहीं.

परंतु कायद्यांत दोन उणिवा होत्या. एक म्हणजे दिरंगाई. प्रत्येक तुकड्याची किंमत लवादानें ठरवावयाची, तींवर तक्रारी ऐकावयाच्या, यांत वर्षेंच्या वर्षें जात. आणि तोंवर शहर योजनेच्या पुढें निघून गेलेलें असे. दुसरी उणीव याहून खोल होती. हिशेब सारा जमिनीच्या मालकाचा होता. ज्याच्या नांवावर जमीन नव्हती, त्या मजुराचा, गायरानावर गुरें चारणाऱ्याचा, किंवा गांवच्या शेतीवर पोट भरणाऱ्या बलुतेदाराचा त्या तक्त्यांत रकानाच नव्हता. शेतें गेल्यावर त्यांचा धंदा गेला, आणि वाढीव किमतींतील कवडीही त्यांच्या वांट्यास आली नाहीं.

याच सुमारास पश्चिमेकडून दुसरा एक विचार येथें येत होता. एबेनेझर हॉवर्ड या इंग्रज गृहस्थानें १८९८ सालीं उद्याननगरांची कल्पना मांडली आणि १९०३ सालीं लेचवर्थ येथें ती प्रत्यक्षांत आणण्यास प्रारंभ झाला. शहरास मर्यादा असावी आणि त्याच्याभोंवतीं शेतांचा पट्टा कायम राखावा, असें त्याचें म्हणणें. १९३८ सालीं लंडनभोंवतीं हिरवा पट्टा राखण्यासाठीं कायदाही झाला. पॅट्रिक गेडिस हे १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक होते. शहर आणि त्याच्या भोंवतालचा प्रदेश हीं एकाच देहाचीं अंगें आहेत, असें ते शिकवीत.

हा विचार आपल्या नकाशांवर हिरव्या रंगाच्या रूपानें आला. पण त्याचें अर्धेंच अंग आलें. लेचवर्थची सर्व जमीन एकाच संस्थेच्या मालकीची होती, आणि किंमत वाढली तर ती वाढ साऱ्या नगराच्या उपयोगी पडावी असा संकल्प होता. आपल्याकडे हिरवा पट्टा हा खासगी शेतकऱ्यांच्या शेतांवर ओढलेला रंग आहे. ओढ्याच्या अलीकडचें शेत पिवळ्या रंगांत, म्हणजे वस्तीच्या पट्ट्यांत पडलें, तर त्याचा भाव कैक पटींनीं वाढतो. पलीकडचें हिरव्यांत राहिलें, तर त्यावर घर बांधतां येत नाहीं. दोघां भावांचीं शेतें एका रेषेनें अलग झालीं आणि एक श्रीमंत झाला, दुसरा होता तेथेंच राहिला. शहराच्या हवेसाठीं दुसऱ्यानें शेत राखावें हें योग्य असेल. पण त्याचा मोबदला शहरानें द्यावयास नको काय? या प्रश्नाला बगल दिली गेली, आणि म्हणूनच पट्ट्याचा रंग बदलून घेण्यासाठीं खटपटी सुरू झाल्या.

१५ फेब्रुवारी १९५० रोजीं पुण्यास महानगरपालिका स्थापन झाली आणि आसपासचीं अठरा गांवें शहरांत आलीं. १९५४ च्या सुधारलेल्या कायद्यानें साऱ्या शहराचा विकास आराखडा करणें बंधनकारक केलें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठ उध्वस्त झाला. पूरग्रस्तांसाठीं पर्वतीच्या पायथ्याशीं आणि इतरत्र नव्या वसाहती झाल्या, आणि शहर एकदम डोंगरांकडे सरकलें. पुढें धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें मुंबई व पुणें यांचा विचार एकट्या शहरापुरता न करतां सबंध प्रदेशाचा करावा, असें सुचविलें. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यांत प्रादेशिक योजनेस स्थान मिळालें. १९१५ ची जुनी योजनापद्धतिही त्यांत कायम राहिली. पण महाराष्ट्रांत तिचा वापर मंदावला. गुजराथनें मात्र तीच पद्धति चालू ठेवली, आणि अहमदाबादचा विस्तार मुख्यतः तिच्याच आधारें झाला. एका इलाख्याच्या पोटीं जन्मलेल्या दोन राज्यांनीं एकच वारसा असा निरनिराळ्या रीतीनें वापरला.

महाराष्ट्रांत भर आला तो आरक्षणांवर. नकाशावर कोणाच्या शेतावर शाळा, कोणाच्या शेतावर बाग अशी खूण करावयाची, आणि यथावकाश ती जमीन भरपाई देऊन घ्यावयाची. पैसा नसल्यामुळें तें ‘यथावकाश’ कित्येकदां उजाडलेंच नाहीं. शेतकऱ्यास ना बांधतां येई, ना चांगल्या भावानें विकतां येई. मग तो एकेक दोनदोन गुंठे विकूं लागला. १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्यानें शेताचे इतके लहान तुकडे विकण्यास मनाई होती. म्हणून व्यवहार साध्या मुद्रांकावर होत आणि सातबाऱ्यावर विकत घेणाऱ्याचें नांव चढत नसे. घेणारा बहुधा कारखान्यांतील कामगार, शिपाई, शिंपी. आयुष्यभराची शिल्लक देऊन १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा त्यानें घेतलेला. त्यावर घर उभें राहिलें. पण रस्ता नाहीं, गटार नाहीं, पाणी टँकरचें. आधीं कळस मग पाया अशांतला हा प्रकार. २००१ सालीं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, आणि पुन्हां २०२१ सालीं मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतचे तुकडे त्यांत घेण्यांत आले. कायद्यानें त्या कुटुंबांना दिलासा दिला, हें बरेंच झालें. पण कागद नियमित झाल्यानें आठ फुटी बोळ रुंद होत नाहीं.

गांवें शहरांत घेण्याचा क्रमही असाच उलटा राहिला. १९९७ सालीं अडतीस गांवें पुण्यांत घेण्यांत आलीं, त्यांतील कांहीं पुन्हां वगळण्यांत आलीं, आणि तेवीस राहिलीं. २०१७ सालीं अकरा, आणि २०२१ सालीं आणखी तेवीस गांवें आलीं. प्रत्येक वेळीं इमारती आधीं, समावेश मग, आणि आराखडा सर्वांत शेवटीं. १९९७ च्या गांवांतील टेकड्या जैववैविध्य उद्यान म्हणून राखण्याचें ठरलें; त्या टेकड्यांच्या मालकांस काय द्यावें, या वादांत पुष्कळ वर्षें गेलीं.

उरुळी देवाची व फुरसुंगी या दोन गांवांची हकीकत तर विशेष बोलकी आहे. पूर्वीं शहराचा कचरा कोथरूडला पडे. कोथरूड शहर झालें, तेव्हां १९९० च्या दशकाच्या आरंभापासून तो उरुळी-फुरसुंगीच्या शिवारांत पडूं लागला. गांवच्या विहिरी नासल्या, लोकांनीं वारंवार गाड्या अडविल्या. २०१७ सालीं तीं गांवें शहरांत आलीं. कर वाढले, पण सोयी त्या मानानें आल्या नाहींत अशी तक्रार राहिली. आणि २०२४ सालीं तीं शहरांतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यांत आली. शिवेवरील गांवास शहराचा कचरा आधीं मिळतो आणि शहराचें पाणी शेवटीं, हें यावरून दिसतें.

याच काळांतील दोन उदाहरणें एकमेकांशेजारीं ठेवण्याजोगीं आहेत. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईसाठीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील पंचाण्णव गांवांची जमीन संपादन करण्याचें ठरलें. आगरी-कोळी शेतकऱ्यांस मिळालेला भाव आणि त्याच जमिनीस पुढें आलेली किंमत यांतील अंतर असह्य झालें. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं लढा झाला. जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या बाजूस गोळीबार होऊन पांच शेतकरी प्राणांस मुकले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून मूळ मालकास परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. म्हणजे १९१५ सालीं जी गोष्ट कायद्यानें सांगितली होती, कीं शेतकऱ्यास त्याच्या भूमीवरून उठवूं नये, तीच गोष्ट अल्प प्रमाणांत मिळविण्यासाठीं रक्त सांडावें लागलें.

दुसरें उदाहरण हडपसरचें. तेथील मगरपट्ट्यांतील सुमारें एकशेंवीस शेतकरी कुटुंबांनीं जवळजवळ चारशें एकर जमीन एकत्र केली, ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग अशी कंपनी काढली, आणि २००० सालच्या सुमारास सतीश मगर यांच्या पुढाकारानें स्वतःच नगर बांधावयास घेतलें. जमीन विकून पैसे उडवून बसण्याऐवजीं ते नगराचे भागीदार झाले. पुढें सिंहगड रस्त्यावरील नांदेड गांवच्या शेतकऱ्यांनींही असाच मार्ग धरला. मात्र येथेंही वांटा जमीनधारकांचाच होता, आणि सर्व गांवांना अशी एकी व असें नेतृत्व लाभत नाहीं, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानें भरपाई बरीच वाढली आणि सक्तीनें जमीन घेणें सरकारास महाग झालें. २०१५ सालीं पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालें, आणि त्यानें म्हाळुंगे-माण येथें नगररचना योजना हातीं घेतली. शंभर वर्षें फिरून गाडी पुन्हां १९१५ च्या वाटेवर आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु केवळ जमिनीची वांटणी नीट झाली म्हणजे सर्व झालें असें नाहीं. ज्या १८७९ सालीं महसुलाचा कायदा झाला, त्याच सालीं खडकवासल्याचें धरण पुरें झालें आणि मुठेच्या कालव्यानें शहराच्या पूर्वेकडील शिवारें भिजूं लागलीं. हडपसरचे मळे त्या पाण्यावर पोसले. ते मळे गेले, आणि खोऱ्याचें पाणी अधिकाधिक शहरास लागूं लागलें. आतां शहराचें पाणी वाढलें कीं दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यास कालव्याच्या आवर्तनाची काळजी लागते. ज्या इंदापुरांत १८३६ सालीं शेतांना प्रथम क्रमांक मिळाले, त्या इंदापुरापर्यंत पुण्याची शीव या अर्थानें जाऊन पोंचली आहे. आणि ओढ्यांचें काय? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबील ओढ्यास पूर येऊन अनेकांचे प्राण गेले. ज्या ओढ्यास पेशव्यांनीं मोठ्या प्रयासानें वाट करून दिली होती, त्याचें पात्र आपण भिंती घालून अरुंद केलें. शेतकरी ओढ्याच्या पात्रांत घर बांधीत नसे; नकाशावर तो ओढा केवळ दोन सर्व्हे नंबरांमधील रेघ होऊन राहिला.

या साऱ्या इतिहासावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. शिवेवरील जमिनीची आंखणी पहिलें घर उठण्यापूर्वीं झाली पाहिजे; पाणंद, ओढे, टेकड्या व गायरानें यांना तींत प्रथम स्थान हवें. शहराच्या वाढीनें जमिनीची जी किंमत वाढते ती एकट्याची कमाई नव्हे. तिचा एक भाग मूळ शेतकऱ्याकडे, एक भाग रस्ते-पाण्याकडे, आणि एक भाग ज्यांच्या नांवावर गुंठाही नव्हता त्यांच्या घरांकडे गेला पाहिजे. आणि ज्यास हिरवें राहण्यास सांगावयाचें, त्यास हिरवें राहणें परवडेल असें कांहीं तरी द्यावें लागेल. पहिल्या दोन गोष्टींचीं बीजें १९१५ च्या कायद्यांत होतीं. भूमिहीनाचा रकाना आणि हिरव्या पट्ट्याचा मोबदला मात्र अजून भरावयाचा राहिला आहे. तो भरला जाईतोंपर्यंत शहराची वेस पुढें सरकत राहील, आणि प्रत्येक नव्या शिवेवर तोच जुना वाद नव्यानें उभा राहील.